कोंडाळ्याबाहेर

मुंबईत थंडी पडते ती खरी असते का, अशी मला दरवर्षी शंका येते. पंखा लावला तर गार वाटतं, बंद केला तर घाम येतो. शाल कपाटातून निघते, पण अंगावर कमी आणि खुर्चीच्या पाठीवर जास्त असते. करी रोडच्या आमच्या टॉवरमधून सकाळी खाली बघावं तर सगळ्यावर पांढुरकी साय धरलेली दिसते. शेजारच्या बाई म्हणतात, "किती छान धुकं पडलंय ना!" मी मान हलवते. समोर एवढी बांधकामं चालू असताना त्यातलं धुकं कोणतं आणि सिमेंट कोणतं, हे कोण सांगणार?

परवा लिफ्टमध्ये शिरले आणि नाकात मलमाचा वास गेला. निलगिरी, कापूर, आणि त्याखाली डोळ्यांना झोंबणारं काहीतरी. आत कुणी नव्हतं. कुणाची तरी दुखरी कंबर नुकतीच वर गेली असणार. पण लिफ्टचं दार बंद झालं, आणि माझ्या मजल्यावर पोचेपर्यंत गेल्या वर्षीचा अख्खा हिवाळा माझ्याबरोबर वर आला.

त्या हिवाळ्यात, सत्तरी उलटून गेल्यावर, मी अमेरिकन फुटबॉल शिकले. खेळायला नव्हे, तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे. मी शिकले ती त्यांची बोली. खेळ सुरू व्हायच्या आधी ते एकमेकांना जे सांगतात, ती.

शिकवलं सईने. सई माझ्या लेकीची मुलगी. घर बदलापूरला, कॉलेज दादरला आणि सकाळची प्रॅक्टिस शिवाजी पार्कला, म्हणून त्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. खेळाचं नाव फ्लॅग फुटबॉल. नावात फूट, पण बॉल हातात. बॉलही धड गोल नाही, एखादं तोंडलं फुगवून ठेवावं तसा. मूळ अमेरिकन खेळात दांडगे पुरुष एकमेकांच्या अंगावर कोसळतात. मुलींच्या या खेळात कोसळायचं नसतं. कमरेला दोन बाजूंना फडकी लटकवलेली असतात, त्यातलं एक समोरच्या मुलीने ओढलं की तुमची धाव तिथे संपली. सई त्यातली क्वार्टरबॅक. म्हणजे बॉल पहिल्यांदा हातात घेणारी, तो कुणाला द्यायचा ते ठरवणारी आणि फेकणारी. मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेतून मुंबईचा संघ निवडणार होते, आणि सईला त्या संघात जायचं होतं. किती जायचं होतं, ते मला तिच्या जेवणावरून कळायचं. पोळी तोडता तोडता मध्येच तिचा हात हवेत थांबायचा आणि ती कुणाला तरी बॉल फेकायची.

सोमवारी सकाळी, जेव्हा तिकडे अमेरिकेत रविवारची संध्याकाळ चालू असते, तेव्हा ती मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून मॅच लावायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी लागलंय. सगळे वाकून, गळ्यात गळे घालून, कोंडाळं करून उभे. मग पांगले, ओळीत बसले, एक जण ओरडला, सगळे एकमेकांवर पडले, शिट्टी. पुन्हा कोंडाळं.

"खेळ कधी सुरू होणार गं?"

"आजी, अर्धा संपला."

बाजूला त्यांचा प्रशिक्षक उभा होता. तोंडासमोर मोठा रंगीबेरंगी कागद धरून त्याच्याआड बोलत होता.

"हा तोंड का झाकतोय?"

"समोरचे ओठ वाचतात ना."

झालं. माझा संशय तिथेच पक्का झाला. मुलगी बघायला मंडळी आली की बाहेर पोह्यांच्या बश्या जातात, आणि आत स्वयंपाकघरात बायकांचं कोंडाळं जमतं. तिथे काय बोललं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. वाकून, हळू आवाजात आणि पाठ करून जे बोललं जातं, ते कुणाच्या तरी विरुद्धच असतं.

पण सईला पाठांतराला कुणीतरी हवं होतं. आमच्या घरात पाठांतर घ्यायचं काम माझं. लेकीचे पाढे मी घेतले, रामरक्षा घेतली, कुठल्या कुठल्या नद्या कुठल्या डोंगरातून निघतात तेही घेतलं. मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, चुकलं की चिमटा काढायचा. सई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ट्रिप्स राइट, दोन-पाच-नऊ, ऑन टू."

"अर्थ सांग. अर्थ कळल्याशिवाय मी कुणाचं काही घेत नाही." ही साफ थाप होती. रामरक्षेचा अर्थ मला अजून धड सांगता येत नाही.

सईने ताटात लसणाच्या पाकळ्या मांडल्या, त्या आपल्या मुली. समोर शेंगदाणे, ते शत्रू.

"ट्रिप्स राइट म्हणजे आपल्या तिघी उजवीकडे उभ्या राहणार."

"मग सरळ तसं म्हणा की."

"समोरच्यांना कळेल ना!"

"त्यांना डोळे नाहीत? तिघी उजवीकडे उभ्या दिसणारच आहेत."

सईने एक शत्रू उचलून तोंडात टाकला. "तू ऐक ना गं."

ऐकलं. दोन-पाच-नऊ म्हणजे कोणत्या पाकळीने कुठून कसं पळायचं. प्रत्येक वाटेला एक आकडा. सम आकडा आला की मैदानाच्या आत वळायचं, विषम आला की बाहेर. आणि नऊ म्हणजे वळायचंच नाही. सरळ सुटायचं ते मैदानाच्या टोकापर्यंत, आणि क्वार्टरबॅकने बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब तिच्या पुढ्यात टाकायचा. नऊ ही सईची खासियत. तिच्यासारखं लांब फेकणारी दुसरी कुणी त्यांच्यात नव्हती. फेकताना ती डावा पाय पुढे टाकायची, आणि सगळा जोर खांद्यातून असा सुटायचा की दिवाणखान्यातल्या दिवाणखान्यात मला वारा लागायचा.

"आणि ऑन टू?"

"मी दोनदा हट ओरडणार. दुसऱ्याला बॉल हलणार."

"मग पहिल्या हटला काय होतं?"

"काहीच नाही. समोरच्या फसून पुढे आल्या तर आल्या."

"म्हणजे थापा."

"स्ट्रॅटेजी म्हणतात त्याला, आजी."

"आमच्याकडे थापाच म्हणायचे."

शेवटचं कलम मला सगळ्यात आवडलं. कोंडाळ्यात बेत ठरला, मुली ओळीत उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात वाटलं की समोरच्यांनी तो ओळखलाय, तर क्वार्टरबॅकने एक शब्द ओरडायचा. तो ऐकला की आधीचं सगळं रद्द. लांब कुणी पळायचं नाही, सगळ्यांनी जवळच वळायचं, हातातल्या हातात छोटा पास. हा शब्द ज्या त्या संघाचा आपापला असतो. यांचा होता 'चिवडा'. त्याच्या जोडीला पोहे, उपमा, शिरा असलंही काहीबाही ओरडायचं, पण त्याला काही अर्थ नाही, नुसता समोरच्यांच्या डोक्याचा भुगा. मी डोळे मिटून सगळं ऐकत होते, आणि मनात म्हणत होते, एवढीशी पोर, हिला इतकं लपवायला कुणी शिकवलं?

लपवण्याच्या खुणांशी माझी जुनी ओळख आहे, आणि ती फार काही अभिमानाची नाही. गिरगावातून लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा स्वतःला महाचतुर समजत होते. बोलणं शुद्ध, नाक वर, आणि नजर कायम कशाच्या तरी मागावर. हे गिरणीत होते आणि संध्याकाळी कबड्डी खेळायचे. संघाचे कप्तान. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून, बायकांच्या गर्दीत उभी राहून बघायची. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच दिसलं की समोरचा गडी चढाईला आला की हे हळूच कान खाजवतात. आणि मग दिसलं की हे कान खाजवतात तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली कुसुम हसते. झालं की नाही गणित पूर्ण! मी यांच्याशी बोलणं टाकलं. वाढायची, पण कढीत मीठ घालायची नाही. हे बिचारे अळणी कढी भुरकायचे आणि गिरणीच्या भोंग्याआधीच घराबाहेर पडायचे. तेवढ्यानेही माझा संशय वाढायचा.

शेवटी सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवलं. त्या मालवणच्या, गोड बोलायची सवय नाही. "अगो, तो कान खाजयता तो कोपऱ्यातल्या बाब्यासाठी. पाय धर, असां सांगता. कुसमाकडे बघूक त्येका येळ खंय आसा?" आणि मी उठायच्या आत, "आणि कढीत मीठ घाल आता. माझ्या झिलाचो काय गुन्हो?"

कुसुम का हसायची, ते पुढे कळलं. तिला कबड्डी कळत होती. बाब्या आता पाय धरणार, हे तिला आधीच माहीत असायचं.

ती कठड्याला टेकलेली बावळट मुलगी मला आज भेटली तर मी तिला एवढंच सांगेन की बाई, संशय घ्यायला अक्कल लागत नाही, तो कशाचा घ्यायचा ते कळायला लागते. आणि ती मला फाडकन विचारेल, "तुम्हाला आली का मग, आजी?" कारण गेल्या हिवाळ्यात मी परत त्याच कठड्याला टेकून उभी होते.

सकाळी सई म्हणायला लागली, "आजी, वेणी घालून दे ना." आयुष्यभर स्वतःचा बुचडा स्वतः बांधणारी मुलगी. मी विरघळले. तेल लावता लावता गिरगावातल्या गोष्टी सांगितल्या. वरच्या फळीवरचा डबा ती डाव्या हाताने काढायची. बाथरूमचं दार बराच वेळ बंद राहायचं, आणि ती बाहेर आली की मागोमाग मलमाचा वास. तो वास मी खेळाच्या खात्यावर टाकला. मग एकदा गॅलरीत फोनवर कुजबुज ऐकली. "आईला बोलू नकोस हां. आजीला कळलं तर संपलंच सगळं."

वेणी, बंद दार, कुजबुज. ह्या वयाच्या मुलीच्या बाबतीत ह्याचं उत्तर एकच.

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"तेच विचारतेय."

सई माझ्याकडे बघत राहिली, आणि इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. खरं, मोकळं हसू होतं ते. मला तेच खटकलं. चोरी पकडल्यावर कुणी असं हसत नाही. म्हणजे चोरी दुसरीच होती, पण ती कुठली, ते काही केल्या दिसेना.

म्हणून मी फिरायला जायचं निमित्त केलं आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. सकाळच्या त्या मैदानाला ओल्या मातीचा आणि क्रिकेटच्या चामड्याचा वास असतो. नेटमधून ठक्क ठक्क आवाज येत राहतात. निवृत्त मंडळी हात झुलवत फेऱ्या मारतात आणि एकमेकांच्या साखरेची चौकशी करतात. पलीकडच्या कोपऱ्यात सईचा संघ. कोच रीटा मॅडम, दादरच्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या, माझ्यापेक्षा खणखणीत मराठी. त्या बाजूला उभ्या राहून हातांनी खुणा करायच्या. बोटं खाली धरून आकडे, आणि नऊ हवा असेल तर मूठ डोक्यावर. पहिल्या दिवशी मला त्या खुणांचा अर्थ लागला तेव्हा अंगावर काटा आला. लसणाच्या पाकळ्या मैदानावर पळत होत्या, आणि कोण कुठे जाणार ते मला ती जायच्या आधी कळत होतं. एकदा मी मोठ्याने हसलेसुद्धा. शेजारचे गृहस्थ दचकून सरकून बसले.

शेवटच्या स्पर्धेची फायनल रविवारी सकाळी तिथेच होती. बाजूला निवड करणारी मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. मी रीटा मॅडमच्या पाठीमागच्याच कट्ट्यावर; एव्हाना त्या मला सईची आजी म्हणून ओळखायला लागल्या होत्या. रीटा मॅडमची मूठ डोक्यावर गेली. नऊ. मुलींचं कोंडाळं झालं, सुटलं, ओळ लागली. टोकाला तन्वी, त्यांची सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी, सुटायच्या तयारीत. आणि सई ओरडली, "चिवडा!" सगळ्या जवळच वळल्या, छोटा पास, थोडी पुढची जागा मिळाली.

थोड्या वेळाने पुन्हा मूठ. पुन्हा "चिवडा!"

तिसऱ्या वेळी रीटा मॅडम वळून मला म्हणाल्या, "आजी, काय वाचते तुमची पोरगी! समोरच्यांचं आधीच ओळखते. एकदम ब्रेनी आहे हां."

मी समोरच्यांकडे बघितलं. बेत बदलायचा तर तो त्यांनी ओळखलेला हवा. त्यांनी काहीही ओळखलेलं नव्हतं. तन्वीच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. तिच्यापुढे मैदान उघडं पडलं होतं. नऊसाठी याहून चांगली वेळ कुठली? मग ही पोरगी दर वेळी नऊ का मोडतेय?

वेणी मला घालायला लावली, कारण उजवा हात डोक्यामागे जात नव्हता. डबा डाव्या हाताने निघत होता. मलम रोज लागत होतं. आजीला कळलं तर मॅडमना सांगेल, मॅडम बाहेर बसवतील, आणि मुंबईचा संघ गेला. सगळ्या मोसमात माझ्या घरात मुलगा कुठेच नव्हता. दुखरा खांदा होता, आणि त्याला मीच रोज तेलाच्या हाताने पाठीमागून बघत होते.

शेवटची पाळी आली तेव्हा सईचा संघ मागे होता. छोट्या पासांनी आता भागणार नव्हतं. रीटा मॅडमची मूठ वर गेली. कोंडाळं सुटलं. सई जागेवर येऊन उभी राहिली, आणि खांद्यावरची धूळ झटकावी तसा तिने डावा हात उजव्या खांद्यावरून फिरवला. मी शब्दाची वाट बघत होते. ती काही ओरडेना. "हट," ती म्हणाली. फक्त एवढंच. तिने डावा पाय पुढे टाकला होता.

ती फेकणार होती.

"चिवडा!"

चौथ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या पोरांना जेवायला बोलावणारा चाळीतला आवाज होता तो. इतकी वर्षं कुठे पडून होता, मलाही माहीत नव्हतं. मुलींचे कान शब्दाला शिकवलेले होते, तो कुणी उच्चारला ते बघायला नव्हे. दुसरा हट झाला आणि सगळ्या जवळ वळल्या. तन्वीसुद्धा. सईचा हात मागे गेलेला तसाच राहिला, कारण लांब फेकायचं तर तिथे कुणीच नव्हतं. तिने जवळच्या मुलीला बॉल दिला, तिचं फडकं लगेच ओढलं गेलं. शिट्टी. समोरच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारायला लागल्या.

सईने कट्ट्याकडे बघितलं. थेट माझ्याकडे.

"आजी, हे काय केलंत तुम्ही?" रीटा मॅडम अंगावरच आल्या.

"तिचा उजवा खांदा दाबून बघा," मी म्हटलं. मॅडमनी जाऊन नुसता हात ठेवला, आणि सई कळवळून खाली बसली.

टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. परळ आलं. मग काचेकडे बघतच म्हणाली, "एक थ्रो होता आजी. एकच."

"हो."

"मी टाकला असता."

"माहीत आहे मला."

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तू आमच्यात आहेस का?"

तोंडावर उत्तर आलं होतं. बऱ्यापैकी उत्तर होतं. मी ते गिळलं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या खांद्यापर्यंत जात होता, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती ओठ आवळून बसली होती. मी शालीची घडी केली आणि तिच्या कोपराखाली सरकवली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. शालही काढून टाकली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" सई म्हणाली, "दिवाळीपासून." तिची आई माझ्याकडे बघायला लागली. आत कुठेतरी थोडं फाटलं होतं. विश्रांती, व्यायाम, आणि बरेच महिने बॉलला हात लावायचा नाही. सगळे उठल्यावर मी मागे थांबले आणि डॉक्टरांना विचारलं, "त्या दिवशी तिने फेकला असता तर?"

ते खांदे उडवून म्हणाले, "सांगता येत नाही. पूर्ण फाटलं असतं. कदाचित काहीच झालं नसतं."

मुंबईचा संघ जाहीर झाला, त्यात सई नव्हती. तन्वी होती. मी त्या 'कदाचित'सकट हिवाळा संपवला. भाकरी थापताना, पेपर वाचताना तो बॉल सईच्या हातातून सुटायचा आणि तन्वीच्या पुढ्यात बरोब्बर पडायचा. कधी तो सुटायचा आणि सई ओरडायची. दोन्ही मला सारखंच स्पष्ट दिसायचं.

यंदा सई परत माझ्याकडे राहायला आली आहे. व्यायाम झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, रीटा मॅडमनी पुन्हा घेतलं. हिवाळ्याच्या शेवटी संघ निवडणार आहेतच. पण पाठांतराला ती माझ्यासमोर बसत नाही. आतल्या खोलीचं दार लावून एकटीच पुटपुटत असते. परवा चहा घेऊन गेले तेव्हा गप्प झाली.

"दोन-पाच-नऊ का?" मी साळसूदपणे विचारलं.

"आम्ही सगळे शब्द बदललेत, आजी."

"बरं केलंत. फार लोकांना कळले होते."

ती हसली नाही असं नाही. पण नवे शब्द सांगितले नाहीत.

म्हणून आज सकाळी मी पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले. पलीकडे कोंडाळं झालं, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. सुटलं. कुणीतरी काहीतरी ओरडलं, त्याचा अर्थ मला लागला नाही. मॅडमनी कसलीशी नवीन खूण केली, तीही उमगली नाही. मला पुन्हा काही कळत नव्हतं, आणि एखाद्या लांबच्या लग्नाला आल्यासारखी मी नुसती बघत बसले होते. एक मुलगी सरळ सुटली, टोकापर्यंत. सईने डावा पाय पुढे टाकला आणि फेकला. सगळं मैदान बॉल कुठे पडतो ते बघत होतं. मी तिचा खांदा बघत होते.

थोड्या वेळाने ती पाण्याची बाटली घ्यायला माझ्याकडे आली. दोन घोट प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "दुखत नाहीये. खरंच."

आणि पळत परत गेली.

मी काही विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितलं. ऊन वर चढलंय, फेऱ्या मारणारे घरी गेलेत, आणि तिने आपणहून का सांगितलं असेल, याचा विचार करत मी अजून इथेच बसले आहे.